जुन्या मिक्सरमधला जळलेला सेफ्टी कपॅसिटर बदलताना

दुरुस्तीला आलेल्या जुन्या मिक्सरचं बूड उघडलं की बऱ्याचदा आधी कुणीतरी केलेल्या कामाच्या खुणा दिसतात. मोटरशेजारचा छोटा कपॅसिटर जळाला म्हणून त्याच्या जागी कुणी पंख्याचा कंडेन्सर कोंबलेला असतो. कुणी जुन्या टीव्हीतून काढलेला हिरवा कपॅसिटर टेपने गुंडाळून बसवलेला असतो. मिक्सर फिरतो, म्हणून काम झालं असं समजून झाकण लावलेलं असतं. पण हा कपॅसिटर अजिबात नसला तरी मिक्सर फिरतोच. त्यामुळे मिक्सर फिरला यावरून दुरुस्ती बरोबर झाली की चूक, हे कळतच नाही. म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे.

उदाहरण घरगुती मिक्सरचं घेतलं आहे. शिलाई मशीनची मोटर, हँड ब्लेंडर, जुना व्हॅक्यूम क्लीनर, ड्रिल अशा कार्बन ब्रशवर चालणाऱ्या सगळ्या यंत्रांना हीच रीत लागू पडते.

आधी एवढं पक्कं करा: एक्स कुठला, वाय कुठला

कार्बन ब्रश आर्मेचरवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागावर, घासताना बारीक ठिणग्या पडतात. त्यातून निघणारा विद्युत गोंगाट वायरींमधून बाहेर पडून रेडिओ-टीव्हीत खरखर करतो. तो जागच्या जागी जिरवणं एवढंच या कपॅसिटरचं काम. मोटर सुरू करण्याशी त्याचा काही संबंध नाही. सिलिंग फॅनचा कंडेन्सर कमजोर झाला की पंखा हळू फिरतो, तसं इथे होत नाही. तुमचा मिक्सर हळू फिरत असेल किंवा नुसता गुणगुणत असेल, तर कार्बन, बुश, आर्मेचर किंवा स्विच बघा.

असे सेफ्टी कपॅसिटर दोन वर्गांचे, आणि त्यांच्या जागाही दोन असतात.

फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये असतो तो एक्स वर्गाचा. तो बिघडला तर धूर निघेल, फ्यूज उडेल, क्वचित आगही लागेल, पण बॉडीवर वीज येत नाही. फेज किंवा न्यूट्रल आणि यंत्राची धातूची बॉडी यांच्यामध्ये असतो तो वाय वर्गाचा. हा आतून शॉर्ट झाला तर फेज थेट बॉडीवर येतो आणि बॉडीला हात लावणाऱ्या माणसाला झटका बसतो. म्हणूनच वाय कपॅसिटर शॉर्ट होऊ नये अशा बेताने बनवतात आणि त्याच्या चाचण्या कडक असतात. आयईसी ६०३८४-१४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एक्स२ या उपवर्गाला २५०० व्होल्टपर्यंतच्या धक्क्यांसाठी तपासतात, तर वाय२ ला ५००० व्होल्टच्या.

नियम एका ओळीत सांगायचा तर, त्याच मूल्याचा आणि व्होल्टेजचा वाय कपॅसिटर एक्सच्या जागी चालतो, एक्स मात्र वायच्या जागी कधीही चालत नाही.

बऱ्याच जुन्या मिक्सरमध्ये एकाच डबीत एक एक्स आणि दोन वाय असे तिन्ही असतात. दोन वायरी लाइनच्या आणि तिसरी, बहुधा हिरवी-पिवळी, बॉडीला जाणारी. डबीवर बारीक आकृती छापलेली असते आणि शेजारी ०.१ मायक्रोफॅरड अधिक दोनदा २५०० पिकोफॅरड असं काहीतरी लिहिलेलं असतं. काही मिक्सरमध्ये एकच एक्स असतो. काहींत काहीच नसतं. नसेल तर नव्याने लावायच्या फंदात पडू नका.

टप्पा १: दोष खरोखर कपॅसिटरचा आहे का

उघडण्याआधी लक्षण नीट ओळखा. सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात.

धूर निघाला, घाबरून बंद केला, थोड्या वेळाने लावला तर नीट चालतोय, असं झालं असेल तर बहुतेक एक्स कपॅसिटर जळून आतून तुटला आहे. वाइंडिंग जळताना वार्निशचा करपट वास येतो, मोटर मंदावते आणि ठिणग्या वाढतात. कपॅसिटरचा धूर अचानक आणि भरपूर येतो, त्याचा वास वेगळा, झोंबणारा असतो, आणि मोटरचा जोर तसाच राहतो. हा फरक न कळल्यामुळे चांगल्या मोटरी रिवाइंडिंगला जातात. मात्र "चालतोय ना" म्हणून तसाच वापरू नका. अर्धवट जळलेला कपॅसिटर पुन्हा पेटू शकतो.

पिन लावून बोर्डाचं बटण दाबताच एमसीबी पडतो आणि मिक्सरचा नॉब शून्यावर आहे, तर एक्स कपॅसिटर शॉर्ट आहे किंवा वायर. नॉब फिरवल्यावर पडत असेल तर कपॅसिटर स्विचच्या पुढे असू शकतो, पण मोटरही तपासावी लागेल.

आरसीसीबी, म्हणजे गळती पकडून वीज तोडणारा स्विच, पडत असेल तर करंट बॉडीकडे गळतो आहे. वाय कपॅसिटर असेल, मोटरमध्ये पाणी गेलं असेल, किंवा वर्षानुवर्षांची कार्बनची काळी पूड ब्रशच्या घरात साचून तिनेच वाट करून दिली असेल.

आता सर्वांत फसवं लक्षण. मिक्सरला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो. अशा वेळी कपॅसिटर चांगला असण्याचीच शक्यता जास्त आणि घराचं अर्थिंग तुटलेलं. दोन सारखे वाय कपॅसिटर, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला, आणि बॉडीला अर्थ नाही, तर बॉडी मधोमध तरंगते, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. २५०० पिकोफॅरडमधून २३० व्होल्टला जेमतेम ०.१८ मिलिअँपिअर जातो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं असताना तेवढ्याने मुंग्या येतात. कपॅसिटर बदलून त्या जाणार नाहीत, अर्थिंग दुरुस्त केल्यावर जातील.

तपासा: प्लगच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या पिनेपासून मिक्सरच्या धातूच्या बॉडीपर्यंत मल्टिमीटरने ओहम बघा. एक ओहमच्या आत हवेत. मग सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे आकडे जवळपास सारखे आणि न्यूट्रल-अर्थ जेमतेम काही व्होल्ट, असं आहे का बघा. फेज-अर्थचा आकडा भलताच येत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. सॉकेटमध्ये प्रोब घालायची सवय नसेल तर हे मोजमापही त्याच्याकडूनच करून घ्या.

टप्पा २: सामान आधी, उघडणं नंतर

मल्टिमीटर, शक्यतो कपॅसिटन्स मोजणारा. १० किलोओहम, २ वॉटचा एक रेझिस्टर. सोल्डरिंग आयर्न आणि रोझिनवाली सोल्डरची तार. फायबरग्लासची स्लीव्ह, हीट श्रिंक, दोन-चार केबल टाय. जुना टूथब्रश आणि कोरडं फडकं. आणि सिरीज बोर्ड.

सिरीज बोर्ड म्हणजे सॉकेटच्या फेजमध्ये एक होल्डर आणि त्यात १०० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. तारेचे बल्ब आता शोधावे लागतात, पण इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानांत मिळतात. हा बोर्ड नसेल तर तो बनवून घेईपर्यंत दुरुस्तीला हात घालू नका. शॉर्ट राहून गेला असेल तर नुसता बल्ब पेटतो, भडका होत नाही. एवढ्यासाठीच तो हवा.

मल्टिमीटर नसेल, फेज कुठला हे ओळखता येत नसेल, तर हे काम कारागिराकडे न्या आणि तो काय बसवतोय ते पुढच्या माहितीवरून बघा.

टप्पा ३: पिन काढा, चार्ज उतरवा, मग उघडा

बोर्डाचं बटण बंद केलं म्हणजे वीज गेली असं धरू नका. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर लावलेलं सापडतं. पिन सॉकेटमधून बाहेर आणि डोळ्यांसमोर हवी.

कपॅसिटर स्विचच्या आधी असेल तर पिन काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. २३० व्होल्टच्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं आणि पिन त्या क्षणाला निघाली तर तेवढा दाब आत अडकतो. नुसत्या पिनांना बोट लागून चरचरीत चटका बसलेला मी अनुभवला आहे. जीव जाईल इतकी ताकद त्यात नसते, पण दचकून हात मागे जातो आणि धारदार पत्र्यावर कापतो.

उपाय सोपा आहे. पिन काढल्यावर नॉब एकदा फिरवून पहिल्या वेगावर आणा. कपॅसिटरचा चार्ज मोटरच्या वाइंडिंगमधून क्षणात उतरतो. भांडं बसवल्याशिवाय स्विच लागत नाही असा मिक्सर असेल तर भांडं बसवून करा, किंवा १० किलोओहमचा रेझिस्टर पकडीत धरून प्लगच्या दोन्ही पिनांना एक सेकंद टेकवा.

स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगीने टर्मिनल खराब होतं आणि हाताला लागलेली ही सवय पुढे मोठ्या कपॅसिटरवर महागात पडते.

आता मिक्सर उलटा करून बुडाचे स्क्रू काढा. रबरी पायांच्या आत लपलेला स्क्रू नेहमी विसरला जातो आणि मग झाकण ओढून प्लास्टिकचा कान मोडतो. झाकण निघालं की कशालाही हात न लावता तीन-चार फोटो काढा. वायरींचे रंग दिसतील असा एक, कपॅसिटरवरची अक्षरं वाचता येतील असा एक.

तपासा: कपॅसिटरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. शून्याच्या जवळ आकडा आला की मगच बोट आत घाला.

टप्पा ४: जागा ओळखा, वायर बोटाने माग काढत जा

कपॅसिटरच्या प्रत्येक टोकाची वायर शेवटपर्यंत बघा आणि कागदावर साधी आकृती काढा. एक टोक फेजला आणि दुसरं न्यूट्रलला जात असेल तर जागा एक्सची. एक टोक बॉडीच्या स्क्रूला, मोटरच्या लोखंडी पट्ट्यांना किंवा हिरव्या वायरीला जात असेल तर जागा वायची. कपॅसिटरवर काय छापलं आहे यावर विसंबू नका, कारण आधीच्या दुरुस्तीत चुकीचा बसवलेला असू शकतो.

एक मिक्सर आठवतो. त्या घरातल्या आजी मिक्सर लावताना लाकडी पाटावर उभ्या राहायच्या. वाटण करायचं तर आधी पाट ओढायचा, हा नियमच पडून गेला होता. सून म्हणाली, "तो आधीपासूनच करंट मारतो, जुना आहे ना." उघडला तर फेजपासून बॉडीच्या स्क्रूपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा हिरवा, ४०० व्होल्ट डीसीचा साधा कपॅसिटर. टाका सुबक होता, वर स्लीव्हही घातलेली. आणि प्लगची अर्थची पिन कापलेली, दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून.

आता हिशेब बघा. ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला सुमारे ७.२ मिलिअँपिअर वाहतो. मूळच्या वाय कपॅसिटरच्या चाळीस पट. एवढ्याने हाताचे स्नायू आखडू लागतात. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला तरी तो पडला नसता, कारण त्याच्या हिशेबी हा करंट किरकोळ आहे. कपॅसिटर एक दिवस शॉर्ट झाला असता तर पूर्ण फेज त्या बॉडीवर. इतकी वर्षं त्या घराला त्या पाटाने राखलं.

म्हणून ठासून सांगतो: बॉडीकडे जाणाऱ्या जागेबद्दल तिळमात्र शंका असेल तर तिथे काही लावू नका. चुकीचा लावण्यापेक्षा न लावलेला बरा. रेडिओत खरखर वाढेल, एवढंच नुकसान.

टप्पा ५: जुना तपासा, पण एक पाय सोडवून

कपॅसिटर जागेवर असताना ओहम बघितले तर त्याला समांतर जोडलेल्या मोटरचे दहा-वीस-पन्नास ओहम दिसू शकतात, आणि "शॉर्ट आहे" असा चुकीचा निकाल दिला जातो. आधी एक टोक सुटं करा.

मग डोळ्यांनी बघा. कवचाला तडा, फुगवटा, खालून ओघळलेला तपकिरी चिकट रस, यातलं एकही दिसलं तर मोजायची गरज नाही, बदलायचा. जुन्या परदेशी शिलाई मशीनच्या पेडलमध्ये पिवळसर पारदर्शक कवचाचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या कवचावर केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्यातून दमटपणा कागदात शिरतो. असे अजून चालू असले तरी काढून टाका.

दिसायला ठीक असेल तर मोजा. ०.१ मायक्रोफॅरडवर के हे अक्षर असेल तर दहा टक्के इकडेतिकडे चालतं, एम असेल तर वीस टक्के. म्हणजे एम असलेला ८० ते १२० नॅनोफॅरडच्या मध्ये हवा. ओहमच्या सर्वांत मोठ्या रेंजवर आकडा चढत जाऊन शेवटी उघडं, म्हणजे रेंजच्या बाहेर, दाखवायला हवं. काही डब्यांत चार्ज उतरवणारा रेझिस्टर आतच असतो. तिथे अर्धा-एक मेगाओहमवर आकडा थांबतो, तो दोष नव्हे.

सावधान: मल्टिमीटर काही व्होल्टांवर तपासतो, घरच्या विजेचं शिखर ३२५ व्होल्ट आहे. मीटरवर चांगला दिसणारा जुना कपॅसिटर लाइनवर गळू शकतो. वीस-पंचवीस वर्षांचा मिक्सर उघडलाच आहे तर आकडा बरोबर आला तरी बदलून टाका. एका वडापावाच्या किमतीत येणाऱ्या वस्तूसाठी जुन्यावर भरवसा ठेवू नये.

टप्पा ६: नवा विकत घेताना

दुकानात जाताना जुना बरोबर न्या. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली अशा ठिकाणी हे सुटे मिळतात. गल्लीतल्या पंखे-मोटरच्या दुकानात बहुधा मिळत नाहीत. तिथूनच पंख्याचा कंडेन्सर घरी येतो.

कवचावर हे वाचा. इंग्रजी एक्स आणि पुढे २, किंवा वाय आणि पुढे २ किंवा १. मूल्य: १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, ४७३ म्हणजे ०.०४७, २२४ म्हणजे ०.२२. वायमध्ये २२२ म्हणजे २२०० पिकोफॅरड, ४७२ म्हणजे ४७००. मूल्य जुन्याइतकंच घ्या, जास्त म्हणजे चांगला असं इथे नाही.

व्होल्टेज २७५ आणि त्यापुढे लाटेची छोटी खूण, म्हणजे एसी. ३०५ किंवा ३१० मिळाला तर उत्तम, रात्री दाब चढणाऱ्या गावांत तर तोच घ्या. इथे सर्वांत मोठी फसगत होते. "याच्यावर ४०० लिहिलंय, २७५ पेक्षा जास्त, मग मजबूतच की" असं दुकानदारही सांगतो. ते ४०० किंवा ६३० व्होल्ट डीसीचे असतात. एसीवर, घरच्या लाइनवरच्या झटक्यांत कायम राहण्यासाठी ते तपासलेले नसतात. एक्स२ मध्ये आतला पडदा जिथे फुटतो तिथला धातूचा थर उडून जागा आपोआप बंद होते आणि कवच आग धरत नाही. साध्या कपॅसिटरकडून यातल्या कशाचीच हमी नाही.

पंख्याच्या कंडेन्सरवर ४४० व्होल्ट एसी असतं, म्हणून तो बरोबर वाटतो. पण तो २.५ मायक्रोफॅरडचा, म्हणजे पंचवीस पट मोठा. सतत ०.१८ अँपिअर ओढत राहतो, स्विचच्या टोकांवर मोठी ठिणगी पाडतो, आणि एक्स वर्गाचा नाहीच.

शेवटी ४०/१००/२१ अशासारखे तीन आकडे दिसतील. उणे ४० ते १०० अंश तापमान आणि दमट उष्णतेत २१ दिवसांची चाचणी, असा त्यांचा अर्थ. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर शेवटचा आकडा ५६ असलेला मागा. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं त्याच ओट्यावर मिक्सर असतो.

तिन्ही एकत्र असलेली डबी मिळाली नाही तर एक ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ आणि दोन २२०० पिकोफॅरड वाय२ घ्या. २५०० च्या जागी २२०० चालतो. ४७०० घेऊ नका, बॉडीकडचा करंट जवळपास दुप्पट होतो. कॉम्प्युटरच्या जुन्या पॉवर सप्लायमधून काढलेले एक्स-वायही नकोत. वर्ग बरोबर असतो, पण आयुष्य आधीच खर्च झालेलं असतं.

दोन नग घ्या आणि लावण्याआधी दोन्ही मोजा.

टप्पा ७: बसवणं

आधी सफाई. कोरड्या टूथब्रशने काळी पूड झाडा, जळलेल्या कपॅसिटरचा चिकट रस फडक्याने पुसून काढा. तो राहिला तर दमट हवेत पुढे गळती करतो. शेजारच्या वायरीचं कवच करपलं असेल तर तेवढा तुकडा बदला.

या कपॅसिटरला उलट-सुलट नाही, कुठलाही पाय कुठेही चालतो. दोन्ही पायांवर आधी स्लीव्ह चढवा, नंतर जोडायला घ्या. सोल्डर झाल्यावर स्लीव्ह आठवते आणि मग टेप गुंडाळली जाते. मोटरच्या उष्णतेने टेपचा गोंद पाझरतो आणि महिन्याभरात ती सुटते.

पाय टर्मिनलच्या भोकातून ओवून आकड्यासारखा वळवा, पकडीने आवळा, मग सोल्डर. मिक्सर थरथरतो, नुसत्या सोल्डरच्या थेंबावर जोड टिकत नाही. टाका चकचकीत आणि पसरलेला हवा. मण्यासारखा गोल बसला असेल तर तो चिकटलेला नाही, पुन्हा करा. आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, पातळ फिल्म आत वितळते.

वायची बॉडीकडची वायर रिंगच्या टॅगमध्ये आवळून, दातेरी वॉशर घालून, स्क्रूखाली घट्ट करा. स्क्रूखालचा रंग किंवा गंज खरवडून धातू उघडा पाडा. दोन पिनांच्या, पूर्ण प्लास्टिक बॉडीच्या यंत्रात आधी वाय नव्हता तर आता लावायचा नाही.

कपॅसिटर लोंबता ठेवू नका. फील्ड कॉइलपासून (मोटरच्या न फिरणाऱ्या गुंडाळीपासून) आणि मोटरखालच्या पंख्याच्या पात्यांपासून लांब, चेसिसच्या खांबाला केबल टायने बांधा. चिकटवायचाच असेल तर ग्लू गनचा गोंद नको, उष्णतेने मऊ पडतो. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉनही नको, ते तांबं खातं.

तपासा: आर्मेचर हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे वायर घासल्याचा आवाज येतो का ऐका. काढलेल्या फोटोशी जोडणी ताडून बघा.

टप्पा ८: वीज देण्याआधीची मोजमापं

पिन अजून बाहेरच.

१. नॉब शून्यावर, फेज-न्यूट्रल पिनांमध्ये ओहम: उघडं दिसायला हवं, किंवा आतला रेझिस्टर असेल तर अर्धा-एक मेगाओहम.

२. नॉब पहिल्या वेगावर: मोटरचे ओहम, साधारण दहा ते पन्नासच्या आसपास. शून्याला टेकत असेल तर थांबा.

३. नॉब तसाच ठेवून फेजची पिन आणि बॉडी, न्यूट्रलची पिन आणि बॉडी: दोन्ही उघडी.

४. अर्थची पिन आणि बॉडी: एक ओहमच्या आत.

मेगर, म्हणजे जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारा मीटर, मिळत असेल तर फेज-न्यूट्रलच्या पिना एकत्र बांधून त्यांच्या आणि बॉडीच्या मध्ये ५०० व्होल्टवर घ्या. चांगलं यंत्र दहा-वीस मेगाओहमच्या पुढे दाखवतं. दोनच्या खाली आलं तर मिक्सर वापरात देऊ नका. मोटर एक दिवस उन्हात ठेवून सुकवा आणि पुन्हा घ्या. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये मेगर लावू नका. मेगर झाल्यावर पिना आणि बॉडी रेझिस्टरने उतरवा.

टप्पा ९: पहिल्यांदा वीज, सिरीज बोर्डावरून

झाकण लावून, स्क्रू आवळून, मगच. उघड्या यंत्राला वीज देण्याचं इथे काहीच कारण नाही.

नॉब शून्यावर ठेवून बोर्डाचं बटण दाबा. बल्ब अजिबात पेटता कामा नये. चांगल्या एक्स कपॅसिटरमधून जाणाऱ्या सात मिलिअँपिअरने १०० वॉटच्या बल्बची तार लालही होत नाही. बल्ब पेटला तर पिन काढा आणि टप्पा ४ पासून पुन्हा.

मग नॉब पहिल्या वेगावर. आता बल्ब पेटेल, आणि इथे बरेच जण घाबरतात. मोटर सिरीजमध्ये आहे म्हणून तो पेटणारच. मोटर हळू का होईना फिरते आहे का, ते बघायचं. बल्ब पूर्ण तेजाने पेटला आणि मोटर जागची हलली नाही, तर आत शॉर्ट आहे किंवा मोटर अडकली आहे.

हे पार पडलं की थेट सॉकेटवर. आरसीसीबी असलेल्या लाइनवरच लावा. भांड्यात पाणी घालून दहा-दहा सेकंदांचे दोन-तीन झटके द्या. मग चालू मिक्सरच्या बॉडीवर टेस्टर टेकवा. पेटता कामा नये. पेटला तर अर्थची जोडणी कुठेतरी सुटली आहे.

पिन काढा, नॉब फिरवून चार्ज उतरवा, बूड पुन्हा उघडा आणि कपॅसिटरला बोट लावा. मोटर कोमट असेल, कपॅसिटर गार हवा. तो स्वतः गरम लागत असेल तर नग खराब आहे, विकत घेतलेला दुसरा लावा. इथे कंटाळा करून झाकण तसंच ठेवू नका.

काही मिक्सरमध्ये एक्स कपॅसिटर स्विचच्या आधी असतो, म्हणजे बोर्डाचं बटण चालू असेपर्यंत, मिक्सर फिरो न फिरो, तो लाइनवरच असतो. तुमच्यात तसा असेल तर मिक्सर परत देताना घरच्यांना सांगा, की वाटण झालं की नॉबबरोबर भिंतीवरचं बटणही बंद करायचं. आणि प्लगची अर्थची पिन कापलेली असेल तर नवा तीन पिनांचा प्लग लावूनच मिक्सर ओट्यावर ठेवा.